हंड्यावरचं नाव

चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की मला भांडी बाजारातली ती दुपार आठवते. आमच्या भागात प्लॉटचे भाव चढले होते, घरोघरी किचन ट्रॉल्या बसत होत्या, आणि आई एका लग्नाला गेलेली असताना वडिलांनी माळ्यावरचं सगळं पितळ मोडीत देऊन टाकलं. ‘अडगळ गेली एकदाची!’ ते खुशीत म्हणाले. परत आलेल्या आईने रिकामा माळा पाहिला आणि ती चप्पलही न घालता निघाली; मी मागे धावलो. त्यातल्या एका हंड्यावर तिच्या आईने तिचं माहेरचं नाव घालून दिलं होतं. लग्नात ते बदललं, पुढे माहेरही संपलं, आणि ते नाव त्या हंड्यापुरतंच उरलं. घाबरली की तिची सटाण्याची बोली बाहेर पडायची. ‘भाऊ, त्यावर मनं नाव शे!’ ती दुकानात ओरडली आणि ते नाव तिने मोठ्याने सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. ‘मावशी, तो माल कालच भट्टीत गेला,’ दुकानदार हळूच म्हणाला. तरी ती दोन्ही हातांनी मोडीचा ढीग उपसतच राहिली. आता आई नाही, वडीलही नाहीत. परवा मॉलमध्ये शोभेचे पितळी हंडे मांडलेले दिसले, तेव्हा मी एक उचलला. ‘सर, नाव फ्री घालून देतो. काय घालू?’ काउंटरवरच्या मुलीने विचारलं. मी तोंड उघडलं, पण ते नाव काही केल्या आठवेना, आणि ज्याला विचारावं असं आता कुणीच उरलेलं नाही.