पांढऱ्या कोळशावरचं भरीत

माझ्या धाकट्या भावाने पांढऱ्या कोळशाचा कारखाना काढला आणि आमच्या आबांनी त्याला आपल्या शेतातली एक पऱ्हाटीसुद्धा द्यायला नकार दिला. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात, त्या पऱ्हाट्या. भावाच्या कारखान्याचं पोट त्यांच्यावरच. गावातल्या दुसऱ्या कुणी नाही म्हटलं असतं तर चाललं असतं, पण सख्ख्या बापाने नाही म्हणायचं म्हणजे झालंच. जो तो त्याला विचारी, "तुह्या बापानं देल्या का?" आबांना गावात मान. त्यांनी दिल्या नाहीत म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार, असं धरून लोक हात आखडून बसले होते. पऱ्हाट्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतच. तेवढ्यात माल भरला नाही तर मशीन वर्षभर झाकून ठेवायचं आणि पोराने परत पुण्याला कुणाच्या तरी हाताखाली जायचं.

ते मला नको होतं, स्पष्टच सांगते. मी धुळ्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. माहेर पार तिकडे यावलकडच्या केळी-कापसाच्या पट्ट्यात. आई-आबा थकत चाललेले. भाऊ नोकरी सोडून घरी आला तेव्हा मी किती दिवसांनी निवांत झोपले असेन. आणि आता हे दोघे एका घरात राहून माझ्या फोनवरून एकमेकांशी बोलत होते. "त्यांना सांग," हा म्हणणार. "त्याले सांग," ते म्हणणार. मी काय पोस्ट ऑफिस उघडून बसले होते का?

पांढरा कोळसा म्हणजे काय ते सांगते, कारण तो पांढराही नसतो आणि कोळसाही नसतो. पऱ्हाट्यांचा भुगा करायचा, वाळवायचा, मशीनमध्ये जबर दाबायचा, की मनगटाएवढे तपकिरी दांडके बाहेर पडतात. गिरण्या, डेअऱ्या त्यांच्या बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी हे जाळतात. भावाचं म्हणणं असं, की दगडी कोळसा जाळला तर युगानुयुगं जमिनीत गाडलेला धूर आपण वर काढतो. कापसाच्या झाडाने मात्र जे हवेतून यंदा घेतलं तेच यंदा हवेत परत जातं. हे मी स्वतः वर्गात शिकवते. पुस्तकात प्रश्नही असतो, जैवइंधन पर्यावरणपूरक आहे का, आणि उत्तराला दोन ओळी सोडलेल्या असतात. दोन ओळींत मावणारं उत्तर असतं तर आमच्या घरात एवढं रामायण झालंच नसतं.

शेवटी मध्यस्थी करायला मीच गेले. नवरा भुसावळपर्यंत सोडायला आला आणि सगळ्या रस्त्याने मला चिडवत होता. तो अहिराणी मुलखातला. म्हणाला, "तुम्हना माहेरना लोके बठ्ठा सारखाच शेतस." सगळे सारखेच हट्टी, असं त्याला म्हणायचं होतं. मी त्याला म्हटलं, तुमच्याकडचे काय लोण्याचे आहेत का? त्यावर तो हसत बसला.

घरी गेले तर आईने आधीच हात झटकले. "आपलेच दात अन् आपलेच ओठ, बाई. मले मधी घेऊ नका." मग मी आबांना घेऊन शेतात गेले. भाऊही आला, दहा पावलं मागे. आबांचं अर्धं वावर काळंभोर झालेलं होतं. ट्रॅक्टरला कुट्टीयंत्र लावून ते उभ्या पऱ्हाट्यांचा चुरा करतात आणि तो मातीत मिसळतात. मूठभर माती उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "वावरातून नेतो, ठीक. वावराले काय देतो, ते विचार त्याले."

मी विचारलं नाही. भाऊ ऐकतच होता. "मी नेलं नाही तर लोक बांधावर जाळतातच ना," तो म्हणाला. "फाल्गुनात बघा, गावाभोवती नुसता धूर. तोच जाळ कामाला लावला तर काय वाईट आहे?"

"अन् तुही लॉरी कशावर चालते? पऱ्हाटीवर?"

लॉरी डिझेलवरच चालते, आणि माल जातो पार सुरतेकडे. मला हसू आलं. आबांना चेव चढला. पण माझा भाऊही आबांचाच. विहिरीजवळ मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांची मोठी गंजी रचलेली होती. तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, "आणि ते काय आहे? त्या वाळक्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी झोपते आणि पाऊस पडला की अख्ख्या शिवाराच्या कापसात शिरते. कृषी खात्याचे लोक घसा फोडून सांगतात, गंज्या ठेवू नका. दुसऱ्याला पर्यावरण शिकवायचं आणि आपल्या विहिरीवर अळीची धर्मशाळा चालवायची."

आबांचा चेहरा पडला. ती गंजी भरताची होती, त्यामुळे त्यांना ते लागलं. आमच्याकडे भरीत हे बायकांचं काम नाही. हिवाळ्यात शेतात भरताची पार्टी होते आणि ती रांधतात पुरुष. आबा त्यातले पट्टीचे. लग्नकार्यात त्यांना खास भरीत करायला बोलावतात, आणि ते डोक्याला उपरणं गुंडाळून असे निघतात की पाहत राहावं. खाली काड्यांचा थर, त्यावर मोठाली हिरवी वांगी, वर पुन्हा काड्या, मग काडी ओढायची. पऱ्हाटीचा जाळ भडकन उठतो आणि आपलं काम करून विझतो. साल जळते, आतला गर लोण्यासारखा होतो आणि त्याला जो वास येतो त्याला तोड नाही. गॅसवर केलेल्या भरताला आबा भरीत म्हणतच नाहीत, वांग्याची भाजी म्हणतात.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण भावाला काय बुद्धी सुचली कुणास ठाऊक, तो म्हणाला, "पऱ्हाटीच ना? माझा कोळसाही पऱ्हाटीचाच आहे. रविवारी अख्ख्या गल्लीला जेवायला बोलवा. मी माझ्या कोळशावर भरीत करून दाखवतो. मग तर द्याल?"

"बरं," आबा म्हणाले. एवढंच. त्यांच्या मिशीतलं हसू मी पाहिलं आणि समजले, की आमच्या कारखानदाराने हात दाखवून अवलक्षण केलं.

रविवारी दुपारी शेतात ही गर्दी. ज्यांच्या पऱ्हाट्यांसाठी भाऊ उंबरे झिजवत होता ते सगळे शेतकरी हजर. आईने पुऱ्यांची कढई चढवली, मी मिरच्या-लसूण निवडत बसले. भावाने दांडके रचले, वांगी मांडली आणि काडी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. कागद जळला, दांडके तसेच. घट्ट दाबलेला माल तो, असा तसा पेटतोय होय? लोक आधी शहाण्यासारखे गप्प होते, मग कुणीतरी म्हणालं, "रॉकेल आनू का?" मग सगळेच सुटले. भावाने कारखान्यातून पंखा आणवला, जनरेटर आणवला. पंखा लावल्यावर दांडके पेटले, पण असे पेटले की जवळ उभं राहवेना, आणि राखेचे लोटच्या लोट वांग्यांवर, माणसांवर, आईच्या कढईवर. आई मला म्हणाली, "हे पर्यावरण का म्हनते ते हेच का, बाई?" मला हसूही येत होतं आणि भावाकडे बघवतही नव्हतं. वांगी बाहेर काढली तर वरून कोळसा आणि आत कच्ची करकरीत.

आबा उठले. गंजीतून कवेत मावतील तेवढ्या काड्या आणल्या, उरलेली वांगी लावली आणि लोकांच्या गप्पा संपायच्या आत भाजून काढली. टोमणा मारला नाही, जिंकल्याचं तोंडही केलं नाही. भावाला म्हणाले, "ठेचाले बस." मग बापलेक समोरासमोर बसून लाकडी मुसळीने भरीत ठेचू लागले. आठवड्यात पहिल्यांदा दोघांचे हात एका भांड्यात पाहून मला भरून आलं.

जेवणं झाली. पानं उचलायच्या आधी शेजारच्या मळ्यातल्या नानांनी मुद्द्याला हात घातला. या नानांकडे पऱ्हाटी आमच्यापेक्षाही जास्त. "भरताचं जाऊ दे रे भो. तू शिकलेला हायेस. खरं सांग, तुहा कोयसा निसर्गाले चांगला का वाईट? तुही मशीन बाजूले ठेव अन् सांग."

सगळे थांबले. मीही. मनात म्हणत होते, बाबा रे, चांगला म्हण आणि मोकळा हो. दगडी कोळशापेक्षा चांगला आहेच, त्यात खोटं काय आहे? एका शब्दाने तुझा हंगाम पार पडेल.

भावाने हात पुसले. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. म्हणाला, "नाना, तुम्ही बांधावर जाळत असाल तर मला द्या. जाळण्यापेक्षा ते चांगलं. गंजी करून ठेवत असाल तरी द्या, अळी मरते. पण आबांसारखी कुट्टी करून मातीत घालत असाल, तर मला देऊ नका. त्याच्याहून माझा कोळसा चांगला नाही."

अर्धा गाव आता कुट्टी करू लागलाय, हे त्याला माहीत होतं. बोलताना त्याने आबांकडे पाहिलंही नाही. नाना "बरं" म्हणाले, उपरणं झटकून उठले, आणि एकेक करत सगळे गेले. भाऊ जनरेटर गाडीत चढवायला लागला. मला त्याचा राग आला, खूप राग आला, आणि त्याच क्षणी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. मी त्याला म्हटलं, "अरे, निदान मला तरी विचारायचंस." तो म्हणाला, "तू काय सांगितलं असतंस?" मी जनरेटरची दुसरी बाजू धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्यासोबत कारखान्यावर गेले. परतीची गाडी दुपारची होती आणि त्याला एकटं सोडवत नव्हतं. फाटक उघडून आम्ही दोघे चहा पीत बसलो. रस्त्याने ट्रॅक्टर जात होते, एकही आत वळत नव्हता. भाऊ विनाकारण मशीनवरची धूळ पुसत होता. पुसलेलंच परत पुसत होता.

मग एक ट्रॅक्टर वळला. वर आबा, मागच्या ट्रॉलीत विहिरीजवळची गंजी, उघड्यावर दिसेल अशी, आणि गावाच्या मुख्य रस्त्याने आणलेली. त्यांच्या मागे नानांची ट्रॉली, तिच्या मागे आणखी कुणाची तरी. आबा खाली उतरले. भाऊ बघतच राहिला.

"आबा, अख्खी गंजी? मग भरीत कशावर करणार?"

"एक भारा ठेवला हाये. भरताले काय गंजी लागते? ते आपलं माहं यड." एवढं बोलून त्यांनी कपाळाचा घाम पुसला. मग मशीनकडे बघत, भावाकडे न बघता म्हणाले, "वावरातल्या मिळनार नाईत."

"मी मागणारही नाही," भाऊ म्हणाला.

"म्हनून त ह्या आनल्या," आबा म्हणाले, आणि ट्रॉलीचं फळकं उघडायला त्याला हात लावायला सांगितलं.