सिनेमात गेलेली आपा

नसीमआपा गेल्या, असं मी तेल्हाऱ्याला नणंदेला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अवं, त्या तं सिनेमातच गेल्या होत्या ना?" रागवावं की हसावं, मला कळेना. आपा असत्या तर पोट धरून हसल्या असत्या.

अकोल्यात आमच्या भिंतीला लागून आपांचं गाद्या-रजयांचं दुकान आणि मागे घर. आईवडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाला, सलीमला, त्यांनी रजया शिवून शिकवलं. तो मुंबईत हिंदी सिनेमे लिहू लागला आणि वर्ष वर्ष इकडे फिरकेनासा झाला. मग त्यानं स्वतःवरच सिनेमा लिहिला... एक लेखक जुने दिवस शोधत गावी परततो, त्याची गोष्ट. ती कापसाची पडती वर्षं होती. वऱ्हाडाचं नाव निघालं की बाहेरच्यांना शेतकऱ्यांचं मरणच आठवायचं. निर्मात्याला जिवंत बहीण कशी चालणार? पडद्यावर लेखक पोचतो तेव्हा बहिणीला माती देऊन लोक परतलेले असतात.

सिनेमा अमरावतीला लागला. आपा मला घेऊन गेल्या. सगळं थिएटर डोळे पुसत होतं आणि ह्या माझ्या कानात, "बाई, एवढी बारीक होती का मी?" पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. बस स्टँडवर मात्र म्हणाल्या, "मी मेली त्याचं काई नाई. पण हा पोट्टा उशिरा येते, हे खरं लिवलं त्यानं." त्यांचं एकच भय होतं, तो खरंच उशिरा येईल.

तिकडे सलीमनं लाजेनं फोनही बंद केले. शेवटी आपांनीच लावला. "मारलं तं मारलं. आता मेलेल्या बहिणीच्या हातचा शीरखुर्मा खायले ये."

ईदेला तो आला आणि दारातच थबकला.

"कावून उभा राहिला? मी काई भूत नाई!" आतून आवाज आला.

त्यानंतर तो येतच राहिला. आपा त्याला दुकानात बसवून टाके घालायला लावायच्या, वाकडा गेला की उसवायला लावायच्या. केसांत कापूस घेऊन तो माझ्याकडे चहाला यायचा. पडद्यावर नाव झळकणारा हा माणूस बहिणीच्या शिव्या खाऊन इतका खुशीत दिसायचा की मला दोघांचा हेवा वाटे. शेवटच्या दुखण्यात तो उशाशीच होता. आपांचा हात त्याच्या हातात होता. त्या समाधानानं गेल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आता तो कशाला येईल, असं मला वाटलं होतं. मागच्या आठवड्यात भिंतीपलीकडे शटर वर गेल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर आपांची अर्धी राहिलेली रजई मांडीवर घेऊन सलीम बसलेला. एक ओळ पुरी करून त्यानं ती निरखली आणि सुईच्या टोकानं उसवायला घेतली.

"आता कावून उसवतो रे?" मी विचारलं.

"वाकडं झालं, ताई. आपानं पाह्यलं तं उसवायलेच लावीन. येईन पुन्हा पुढच्या महिन्यात."

मला तर टाके सरळ दिसत होते.