फाट्यावरच्या चपला

पावसाळ्याचे चार महिने आमच्या गावाच्या चपला गावात नसत. त्या परभणी-झरी रस्त्यावर, फाट्यावरच्या गयामावशीच्या हॉटेलात असत. गाव ते फाटा नुसती काळी माती. अनवाणी चिखल तुडवत यायचं, मावशीच्या हौदावर पाय धुवायचे, खुंटीवरच्या चपला घालायच्या आणि एस.टी.त बसायचं. कुणाचा जोड कोणता, हे तिला तोंडपाठ. दुसऱ्याच्या चपलेला हात लागला, की चुलीपुढूनच ओरडायची, "ती पाटलाची हाय! सोताचा पाय बघ की जरा!"

हॉटेल म्हणजे वर चार पत्रे, खाली दोन बाकडी, आणि पाय धुवायला थांबणाऱ्यांच्या जिवावर चालणारा चहा. मागेपुढे कुणी नसलेली विधवा बाई, तोंडानं भलती फटकळ. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत मध्येच बंद पुकारला जायचा, गाड्या अडकायच्या. मग ताटकळलेल्या माणसांना ती फुकट चहा पाजायची. "बसा गुमान. च्या पिऊन कुनी मेलं न्हाई."

माझं गावात किराणा दुकान. माझी मीठ-साखरेची पोती पावसात तिच्याकडेच अडकून पडत. भाजी पिकवणाऱ्यांचे हाल त्याहून वाईट. बैलगाडी चिखलात रुतायची, एस.टी. निघून जायची, आणि सुकलेली मेथी मावशीच्या शेळ्यांपुढे टाकून माणसं माघारी फिरायची.

एकदाची सडक मंजूर झाली. पण वाटेवरच्या शेतकऱ्यांनी आपापल्या रानाची पट्टी सोडायला हवी होती. मारुतीच्या पारावर बैठक भरली. सगळे माना खाली घालून बसलेले. फाट्याला लागून पहिलं रान मावशीचंच. मी हळूच म्हणालो, "मावशी, नीट विचार कर. गाडी गावात गेली, तर तुझ्या हॉटेलात कुत्रं फिरकायचं नाही."

ती ताडकन उठली. "मला कळत न्हाई व्हय, शेट? माझ्या शेळ्या मातल्या आन् गावाची लेकरं वाळायलीत! पयली पट्टी माझी घ्या. आन् आता ज्याला न्हाई म्हनायचंय, त्यानं माझ्या तोंडाकडं बघून म्हनावं!"

कुणाची टाप होती!

पावसाळा सरता सरता डांबर पडलं. पहिल्या दिवशी ड्रायव्हरनं सवयीनं फाट्यावर ब्रेक दाबला, तर ही हातवारे करत पुढं आली. "कामून थांबायलास? जा म्होरं!" त्याच संध्याकाळी लोक आपापल्या चपला घेऊन गेले. दिवाळीपर्यंत तिची चूलही विझली. मी म्हणालो, "माझ्या दुकानाशेजारी टपरी टाक." त्यावर म्हणाली, "गावात घरोघर चुली हायत, इकतचा च्या कोन पितंय? माझं रान हाय की."

माझं दुकान मात्र वाढलं. गावात आठवडी बाजार भरू लागला. हे सारं कुणामुळे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मावशीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजून आठवते ती एक सकाळ. आम्ही दोघं एकाच गाडीनं परभणीला निघालो होतो. तिच्या मांडीवर स्वतःच्या रानातल्या मेथीची पाटी, वर ओलं फडकं. फाटा आला. गाडी थांबली नाही. बंद हॉटेलाकडे मला बघवेना. मावशीनं फडकं सारखं केलं आणि पोरीसारखी खुदकन हसली.

"शेट, आज शेळ्या उपाशी!"

सगळी गाडी हसली. मला मात्र रडू आवरेना.