तांडेलाचे ‘बरा हाय’

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पण तिचे श्रेय लांज्याच्या शाळेतल्या माझ्या मास्तरांचे. सातवीनंतर वडील मला शेतीला लावणार होते. मास्तर आमच्या ओटीवर येऊन बसले आणि होकार मिळेपर्यंत उठले नाहीत. रत्नागिरीच्या हायस्कुलात त्यांनी माझे नाव घातले आणि राहायला मला स्वतःच्या बहिणीकडे ठेवले. पुढे मुंबईहून डॉक्टर होऊन मी रत्नागिरीच्याच एका इस्पितळात सहायक म्हणून लागलो. ते साल एकोणीसशे तीस-बत्तीसच्या आसपासचे.

तिथे मॉर्फियाचे एक रजिस्टर होते. हाड मोडणे, भाजणे, असे अचानक आलेले दुखणे असेल तर ‘तातडीचे’ असे लिहून सहायकाने आपल्या सहीने सुई द्यावी. जुनाट दुखण्याला मोठ्या डॉक्टरांची परवानगी हवी, आणि ती मिळत नसे. माडावरून पडून मांडी मोडलेला एक गडी असा ओरडला, की दहा मिनिटांत त्याला सुई मिळाली. आठवड्याने तो थट्टामस्करी करू लागला.

त्याच्या शेजारच्या खाटेवर भाट्ये गावचा एक म्हातारा तांडेल होता. सगळे आयुष्य गलबतावर हुकूम सोडण्यात गेलेले. कमरेच्या हाडात गाठ. शस्त्रक्रिया शक्य नव्हती. मी रोज सकाळी विचारी, “कसं आहे, तांडेल?” तो म्हणे, “बरा हाय.” मी कागदावर ‘दुखणे कमी’ असे लिही आणि पुढे जाई. असे बारा दिवस लिहिले.

तेराव्या दिवशी त्याच्या बायकोने मला व्हरांड्यात गाठले.

“अरे बाबा, डाक्टर झालास ना तू? मग नुसता आयकून काय लिवतोस? तुझी पाठ फिरली की पंचा दातात धरतात ते!”

मी परत आत गेलो. “तांडेल, मला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही कसा हाय म्हून इचारता,” तो म्हणाला. “चांगल्या मानसानं इचारल्यावर बरा म्हनायचा. सकाळच्या पारी त्याच्या पदरात आपला रडगाना कशाला?”

मी प्रश्न बदलला. काल कुशीवर वळलात का? नाय. बसून जेवलात का? नाय. झोप? “डोळं मिटतो. झोप नाय.” या माणसाला खोटे बोलायचे नव्हते; मीच त्याला नमस्कार-चमत्काराचा प्रश्न विचारत होतो आणि उत्तराला तपासणी समजत होतो.

चार दिवसांची टिपणे घेऊन मी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. दर सहा तासांनी पाव ग्रेन मॉर्फिया द्यावा, कळ चढण्याआधीच द्यावा, असे मी म्हटले.

“त्यानं मागितलं का?”

“नाही.”

“मग? सवय लागेल त्याला.”

“साहेब, सवय लागायला त्याच्याकडे दिवस कुठे आहेत?”

ते हसले. “नवीन आहात. हळूहळू मन घट्ट होईल.”

बाहेर कंपाउंडर कुजबुजला, “ओरडायला शिकवा त्याला. माडावरचा बघा कसा हुशार!”

मला त्याचा राग आला आणि तरी मी तेच केले. तांडेलाला म्हटले, “उद्या साहेब आले की कण्हा. लाजू नका.” म्हाताऱ्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी साहेब खाटेपाशी थांबले. “काय तांडेल, कसं काय?” त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते. दोन्ही हात जोडून तो म्हणाला, “बरा हाय, साहेब. तुमची किरपा.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. मी रजिस्टर मागवले. चार दिवसांनी मास्तरांना पत्र टाकले:

“ती. मास्तरांस साष्टांग नमस्कार.

हे दुसऱ्याकडून आपल्या कानी येण्याआधी मीच कळवतो. एका तांडेलाच्या जुन्या दुखण्यापुढे मी रजिस्टरात ‘तातडीचे’ असे लिहिले आणि माझ्या सहीने त्याला मॉर्फिया देत आहे. दर सहा तासांनी, तो मागो वा न मागो. कंपाउंडरने वर कळवले आहे. सोमवारी मला जाब द्यायचा आहे. कदाचित नोकरी जाईल. आपण माझ्यासाठी जे केलेत ते मी असे उधळतो आहे असे आपल्याला वाटेल, याची मला फार टोचणी आहे. पण त्या शब्दाची मला लाज वाटत नाही. ज्याला बसता येत नाही त्याचे दुखणे तातडीचे नाही, तर कोणाचे?

कृपा करून माझ्यासाठी कोणाकडे शब्द टाकू नये. सोमवारनंतर मी इथे नसलो तर त्याची सुई कोण देईल, एवढाच घोर आहे. काल दुपारी तो उठून बसला आणि वाटीभर पेज आपल्या हाताने प्याला.

आपला विद्यार्थी”