दत्ताचा 'फिट' रिपोर्ट

परवा दुपारी आयसीयूबाहेरच्या बाकावर दत्ताच्या बायकोनं पर्समधून एक कागद काढून माझ्या हातात दिला. दत्ताचा कंपनीतला मेडिकल रिपोर्ट... सहा महिन्यांपूर्वीचा. बीपी नॉर्मल, फिट.

दत्ता आमच्या वाळूजच्या कंपनीत क्रेन चालवतो. पंधरा वर्षं आम्ही दोघं मुकुंदवाडीहून एकाच बसनं जातोय.

दर वर्षी तपासणी होते. बीपी जास्त निघालं की क्रेनवरून खाली उतरवतात, म्हणून सगळे आधी 'तयारी' करतात... कुणी आठ दिवस मीठ सोडतं, कुणी तंबाखू. तपासणी झाली की पुन्हा जैसे थे. पंचेचाळिशीतली माणसं आम्ही, पण अक्कल दहावीतल्या पोरांची.

दत्ताचे वडील पन्नाशीच्या आतच हार्टनं गेलेले. हा दिवसभर तंबाखू मळणारा, त्यात मागच्या वर्षी बीपी काठावर. माझी बीपीची गोळी चालू आहे, हे त्याला माहीत. "तुझ्यातल्या धा गोळ्या दे की, पास झालो की बंद," म्हणाला. दिल्या... वर हसून टाळीही दिली.

पास झाला, गोळी बंद झाली. शनिवारी सकाळी छातीत दुखायला लागलं, तर ॲसिडिटी समजून सोडा पिऊन दोन तास घरीच बसला.

"भाऊजी, यात तर काहीच नाय लिहिलेलं. मग असं कसं झालं हो?" वहिनी विचारत होत्या. डॉक्टरांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं... बीपी कधीच नव्हतं म्हणून.

गप्प बसता आलं असतं. खरं सांगतो, क्षणभर तसं मनात आलंही. पण डॉक्टर त्याच माहितीवर चालले होते. मी आत जाऊन त्यांना सगळं सांगितलं आणि बाहेर येऊन वहिनींना.

त्यांनी कागद परत घेतला, नीट घडी घातली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

दत्ता वाचलाय. पण हृदयाचा बराच भाग गेलाय, डॉक्टर म्हणतात क्रेन आता विसरा. बीपी सहा महिन्यांपूर्वी कळलं असतं, नीट गोळी सुरू झाली असती, तंबाखू सुटली असती, तर कदाचित... हे 'कदाचित' मला झोपू देत नाही.

काल त्याला वॉर्डात हलवलं. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "कंपनीत कोणाला कळलं नाय ना?"

तिथंच रडू फुटलं. तो विचारायला जिवंत आहे, यासाठी देवाचे आभार... बाकी माझं मलाच माफ करता येत नाहीये.