मामाला पटवलं, बाप राहिला

आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला दहावीच्या मुली जयाबाईंच्या ताब्यात असतात. सरकारी भाषेत त्याला करिअर मार्गदर्शन म्हणतात. जयाबाई म्हणतात, "चला, पुढचं बोलू." शहापूर तालुक्यात, शेणवे गावाच्या पुढची आमची शाळा. मी तिथे मराठी शिकवते आणि स्टाफरूममध्ये बाईंच्या शेजारी बसते, त्यामुळे त्यांच्या तोंडाचा पट्टा सर्वांत जास्त मीच सोसलाय. बाई विज्ञानाच्या. बोलायला फटकळ, मनाने मऊ, आणि एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव खाली आला तरी ऐकायच्या नाहीत.

डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर असले तक्ते त्यांनी भिंतीला कधी लावले नाहीत. त्या मुलींना भातसानगरच्या वीजकेंद्रावर नेतात, तालुक्याच्या दवाखान्यात नेतात, आणि तिथे नोकरी करणाऱ्या बाईला विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "घरात आधी कोणाला पटवलंत?" मार्क, प्रवेश वगैरे मागाहून. बाईंचं म्हणणं असं की पोरीची वाट कॉलेजात अडत नाही, घरात अडते. आणि घरात शब्द चालतो तो एकाच माणसाचा. तो माणूस हेरा, म्हणजे झालं.

हे त्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. मुरबाडकडच्या शेतकरी घरातल्या जयाबाईंचं लग्न बारावीतच ठरत आलं होतं. मामा आला, ओट्यावर बसला, "पोर शिकंल," एवढंच बोलला, आणि पाहुणे चहा पिऊन परत गेले. आमच्याकडे भाचीच्या लग्नात मामाचा मान मोठा. मामा रुसला तर मांडवाला शोभा नाही. तेव्हापासून बाईंचा देवावर नसेल इतका विश्वास मामांवर.

यंदा मिताली त्यांची लाडकी. भातसानगरला एक ताई शिडीवर चढून वायर जोडत होती, ती बघून या पोरीने ठरवून टाकलं: शहापूरच्या आयटीआयला जायचं, इलेक्ट्रिशियन व्हायचं. पण घरात मुरबाडचं स्थळ आलेलं. लग्न अठरा पुरी झाल्यावर, साखरपुडा मात्र परीक्षा संपली की लगेच. आणि एकदा साखरपुडा झाला की पोरीला आयटीआयला कोण पाठवतंय?

पौषात म्हसा गावची जत्रा भरली. मितालीचा मामा महिपत बैल घ्यायला येणार असं कळलं, तशा बाई मलाही ओढत घेऊन गेल्या. भर बैलबाजारात, त्याच्या ओळखीच्या माणसांसमोर, त्यांनी त्याला असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की बैल राहिला बाजूला. "बाय, पोर शिकंल, माजा शबुद हाय," महिपत छाती काढून म्हणाला. बाईंनी खुशीत मला खाजा खाऊ घातला. मला धाकधूक वाटत होती, पण बाईंपुढे ते बोलायची सोय नव्हती.

सोमवारी मितालीचे वडील सावळाराम शाळेच्या व्हरांड्यात उभे. भातशेती करणारा शांत माणूस, पण त्या दिवशी आल्या आल्या सुरू झाले.

"बाय, माज्या घरातली गोष्ट तुमी माज्या सासरवाडीला सांगितली? ती पन भरल्या बाजारात? मेव्हना मला चारचौघांत सांगतो, दाजी, पोरीला शिकवा. म्हंजे मी नको म्हनत व्हतो? मला कोनी इचारलाच नाय! आता ती शाळंत नाय येनार."

ते खरं होतं. मितालीने नाही, बाईंनी नाही, कोणीच या माणसाला विचारलं नव्हतं. बाप नाहीच म्हणणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला बाईंचा राग आला, आणि त्यांचा उतरलेला चेहरा पाहून कीवही आली. पोरीची शाळा त्यांच्याच हाताने सुटायची वेळ आली होती.

तरी सवयीने त्या समजवायला पुढे झाल्याच. तेवढ्यात मिताली वर्गातून बाहेर आली.

"बाई, तुमी थांबा. मी बोलते." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुमाला कोनी इचारला नाय, बरोबर हाय. माजीच चूक. पन मुरबाडचा स्थळ आला, तवा मला तरी कोनी इचारला?"

सावळाराम रागावतील असं वाटलं, पण ते व्हरांड्याच्या कठड्यावर बसले.

"मंग आता सांग. काय करायचा तुला?"

तिने सांगितलं. दोन वर्षांचं शिक्षण, एसटीचा पास, पुढे नोकरी मिळेलच असं नाही, पण हातात काम राहील, हे सगळं. नोकरीचं तिने लपवलं नाही, हे मला फार आवडलं. जयाबाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बाई इतका वेळ गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

"खांबावर चढायचा?" सावळारामांनी विचारलं.

"शिडी आसते, बाबा. कमरंला पट्टा आसतो."

"आन् त्या पावन्यांना काय सांगू?"

"सांगा, पोर शिकतेय. दोन वरसांनी इचारायचा आसंल तं मला इचारा म्हनावा."

सावळाराम उठले. धोतर झटकलं.

"जा वर्गात," ते म्हणाले. "तास चालू आसंल."