उजव्या हाताजवळची दोरी

राज्याचे दोन तुकडे व्हायचे दिवस होते, तेव्हा आमच्या हिला फालिज झाला. उजवं अंग गेलं. हात पार गेला, पाय थोडा राहिला. तोंड शाबूत होतं, आणि हिचं निम्मं बळ पहिल्यापासून तोंडातच होतं. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी म्हणली, "अहो, माझीबी वाटणी झाली बघा. अर्धी तुमच्याकडं, अर्धी यमाकडं." मुलगा दारात उभा होता, तो रडायला लागला. "रडू नको रे. तुझ्या ऑफिसात कपाटं वाटतेत ना, तसं समज."

मुलाच्या सरकारी ऑफिसात खरंच तेच चाललेलं. कपाटांना, खुर्च्यांना चिठ्ठ्या चिकटवायचे, हे इकडच्या राज्याला, हे तिकडच्या.

आमचं घर काचीगुड्यात, स्टेशनच्या मागल्या गल्लीत. मागच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीला लावून हिची खाट. डोकं दक्षिणेला, म्हणजे खिडकी उजव्या हाताला. सकाळी ऊन सरळ डोळ्यात. पडदा लावला तर गल्ली दिसायची नाही, आणि गल्ली बघितल्याशिवाय हिला करमायचं नाही. भाजीवाल्याशी कोण भांडतंय, कोणाच्या दारात कोण उभं आहे, सगळं कळायला पाहिजे. मग दिवसभर, "अहो, पडदा लावा. अहो, पडदा सरकवा."

मला त्याचं काही नव्हतं, हिला होतं. जन्मात कोणाला पाणी मागितलं नाही त्या बाईनं. एकदा माझ्याकडं न बघता म्हणली, "बाकी सगळं करा माझं. ते तर करावंच लागतंय. ही एक खिडकी तरी माझ्या हातानं उघडू द्या."

सुनेनं फोनवर एक पडदा दाखवला. दोरी ओढली की घड्या पडत वर जातो, सोडली की खाली येतो. रोमन शेड म्हणतात म्हणे. रोमन काय ते मला माहीत नाही, मी चौथी शिकलेला. पण सिकंदराबादेत रेल्वेच्या कारखान्यात डब्यातल्या गाद्या शिवायचो, तेव्हा साहेबांच्या सलूनला, म्हणजे त्यांच्या फिरतीच्या खास डब्याला, एकदा असले घडीचे पडदे आम्ही केलेले. म्हणलं, हे तर मी करतो.

कापडाला गेलो तर बाजार बंद. पुन्हा गेलो तर मोर्चा. शेवटी मिळालं एकदाचं, जाड सुती, विटकरी रंगाचं.

"आधी पाण्यात घाला. मागून आटलं तर खालून ऊन येईल," ही खाटेवरून म्हणली.

"मला शिकवू नको. जन्मभर शिवलंय मी."

"गाद्या शिवल्यात. गादीवर बसतेत, गादीकडं बघत नाही कोणी."

घातलं पाण्यात. मशीन हिचीच, गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं ह्याच मशीनवर शिवायची. मी पाय मारायला लागलो की ओरडायची, "हळू! माझी मशीन आहे ती, तुमचा कारखाना नाही." मागून अस्तर लावलं. वीतवीतभर अंतरावर आडव्या नळ्या शिवून त्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सरकवल्या. नळ्यांवर पितळी कड्या लावायच्या, वरून खाली एका रेषेत, म्हणजे त्यातून दोऱ्या ओवता येतात. कड्या मी लावते म्हणली. डाव्या हातात सुई दिली. दोनदा पडली. तिसऱ्यांदा मी उचलून दिली तर म्हणली, "लावा तुम्हीच." मी दुहेरी दोऱ्यानं गाठीवर गाठ मारून लावल्या, तर ते बघून म्हणली, "हत्ती बांधायचाय का त्याला?"

सगळ्या दोऱ्या वरच्या लाकडी पट्टीच्या हुकांतून खिडकीच्या एका टोकाला आणायच्या असतात. मी विचारलं, "कुठल्या टोकाला घेऊ?"

"उशाकडं. उजव्या हाताला सापडली पाहिजे."

उजवा हात चादरीवर होता, सकाळी सुनेनं ठेवला तसाच. मी फटकळ माणूस, साहेबाला तोंडावर बोललेला. पण तेव्हा दोरी मोजायला लागलो. गौलीगुड्याहून मालिशवाला यायचा, तो रोज म्हणायचा, "हात आएगा अम्मा, सबर करो." बंद असला की तो यायचा नाही, मग ही म्हणायची, आज मालिश नाही झाली म्हणून बोटं जड आहेत. तिला तसं म्हणू दिलं. मलाबी ते खरं पाहिजे होतं. दोरी उशाकडंच घेतली.

मुलानं भिंतीला भोकं पाडून पडदा बसवला. ही म्हणली, "सरका सगळे." डाव्या हातानं उजवा हात उचलला, दोरीवर ठेवला, बोटांना दोरीचा वेढा दिला. आम्ही बघत होतो. बोटं मिटली नाहीत. वेढा सुटून दोरी भिंतीला लागून लोंबत राहिली.

"दोरी गुळगुळीत आहे. गाठी मारा."

गाठी मारल्या. तरी नाही.

"उद्या बघू," म्हणली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. असे कितीतरी उद्या गेले. डावा हात तिथवर पोचायचा, पण अंग वळवून, आणि तसं ओढलं तर खाटेवरून घसरायची. मी म्हणलं, भिंतीवरून फिरवून दोरी डावीकडं आणतो. करूनही बघितलं. दोन वळणं घेऊन दोरी इतकी जड झाली की मलाच ओढेना. मग पुन्हा सकाळी मीच पडदा ओढायचो. आता ही हाकही मारायची नाही. मी दोरीला हात घातला की पलीकडच्या भिंतीकडं तोंड करायची. गल्ली बघायचं सोडलं हिनं.

एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर म्हणली, "खाट फिरवा."

मला लगेच कळलं. फिरवली की खिडकी डाव्या हाताला येते. पण डोकं जातं उत्तरेला.

"मयताला ठेवतेत तसं होईल," मी म्हणलं.

"मला दिशा कळत्यात."

"नक्को असलं काही."

"उजवा हात येत नाही आता. तुम्हाला आधीच कळलेलं, मला काल कळलं. डावा आहे अजून. त्याला खिडकी द्या."

मुलगा म्हणाला, "आई, हे अशुभ आहे." सून देवाजवळ जाऊन बसली. ही म्हणली, "तुम्ही तिघं शुभ दिशेला डोकं करून निजा. मला फिरवा."

मुलानं आणि मी खाट फिरवली. पडदा उतरवला, दोऱ्या नव्यानं ओवून दुसऱ्या टोकाला घेतल्या. तिनं डाव्या हातानं धरून ओढली. पडदा वाकडा गेला, एक बाजू वर, एक खाली. पण गेला. गल्लीत दूधवाला सायकल लावत होता. बराच वेळ बघत राहिली.

"जावा आता, बाहेर बसा. इथं काय काम आहे तुमचं?"

मी बाहेर येऊन बसलो. खरंच काम नव्हतं. आतून पट्ट्या एकमेकीवर आपटल्याचा आवाज आला की कळायचं, उघडली. पुन्हा आला की ऊन तोंडावर आलं असणार. कोणाला दोरीला हात लावू द्यायची नाही. मोर्चा गेला की मला सांगायची, "झेंड्याकडं कोणाचं ध्यान नाही, सगळे पोट्टे समोरच्या गच्चीकडं बघतेत."

नवं राज्य झालं. मुलाची खुर्ची इकडंच राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी हिला दुसरा झटका आला, आणि त्याच खाटेवर गेली.

भेटायला आलेल्या बायका माझ्यादेखत म्हणल्या, "उत्तरेला डोकं करून कोणी निजवतं का?" मी म्हणलं, "फालिजनं गेली. दिशेनं नाही. चहा घ्या आणि जावा."

असं म्हणलो खरं. पण दुपारी आडवं झालं की ते बोलणं आठवतं. नसती फिरवली तर चार महिने जास्त राहिली असती का? राहिली असती तर रोज सकाळी मीच पडदा ओढला असता, आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं असतं. तरी चाललं असतं मला. मला ती पाहिजे होती, भिंतीकडं तोंड करून का होईना. तिला खिडकी पाहिजे होती.